सांगून ठेवलेला धूर

गोरक्ष आदल्या संध्याकाळी आला, तेव्हा मी तुळशीपाशी दिवा लावत होते. फाटकाशीच त्यानं चपला काढल्या. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली ही मुलं आता पन्नाशीला टेकली, तरी माझ्या अंगणात अजून अनवाणी येतात.

"बाई, एक सांगायचं हुतं," तो म्हणाला. "उद्या-परवा दुपारच्याला माझ्या तुकड्यातनं धूर दिसंल. घाबरू नका. आन् कुटं फोन-बिन करू नका."

मी वात सारखी केली.

"तुरा आलाय बाई उसाला. रोज कारखान्याच्या हापिसात जाऊन बसतोय, आज तोड येईल, उद्या येईल. अजून दीड म्हयना न्हाई म्हनतात. तवर आतनं पोकळ हुईल सगळा."

देवळाली प्रवरेकडून कालव्याच्या कडेनं आलं की आमची वस्ती लागते. चौदा घरं, एक मारुती, बंद पडलेली एक शाळा, आणि चहूकडे ऊस. ऊस आपला असला तरी तोडायचा कधी हे आपल्या हातात नसतं. कारखान्याची टोळी येईल तेव्हा. पण पेटलेला ऊस कारखाना थांबवून ठेवत नाही, कारण तीन-चार दिवसांत नेला नाही तर तो आंबतो. त्याच्या दरात थोडी कपात होते, पण तोड मात्र दुसऱ्या दिवशी येते. म्हणून ज्याचा नंबर लागत नाही तो एखाद्या दुपारी वारा पडलेला बघून स्वतःच काडी लावतो. यात कुणाला काही वाटत नाही. लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं शेजारीपाजारी सांगून ठेवतात, म्हणजे झालं.

"त्या तोडणी मजुरांच्या कोप्यांचं काय, गोरक्ष?" मी विचारलं.

"कोप्या बजरंगरावांच्या तुकड्याला लागून हायत बाई, चारीच्या कडंला. माझा तुकडा वाटंच्या पल्याड. मदी बैलगाडी जाईल एवढी जागा हाय. चौफेर पाचट काढून घेतलंय. वारा बगूनच लावनार."

"तिथं आक्काबाई असतात दिवसभर. पाय मोडलाय त्यांचा."

"म्हाईत हाय मला. मी काय राक्षस हाय का बाई?" तो हसला. "समितीत तुमचं नाव हाय, म्हनून मुद्दाम सांगाया आलो. न्हाईतर तुमी लावाल फोन आन् येईल बंब."

तो गेल्यावर मी नेहमीसारखी आरती केली. मनात काहीतरी खुपत होतं, पण त्याला नाव देता आलं नाही.

*

समितीचं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी गावोगाव आपत्ती समित्या झाल्या. एक बाई हवी आणि ती शिकलेली हवी, म्हणून माझं नाव गेलं. अध्यक्ष काकासाहेब, बाकीची पाच नावं कागदापुरती. तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, तिथं मी एकटीच गेले. ओल्या गोधडीत माणूस कसा गुंडाळायचा, धुरात जमिनीशी वाकून कसं चालायचं, सगळं वहीत लिहून आणलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलक लागला. त्यावर माझं नाव आणि मोबाईल नंबर. खाली वाळूच्या चार तांबड्या बादल्या टांगल्या. त्यातल्या दोन पहिल्याच पावसाळ्यात जनावरांच्या पाण्याला गेल्या. उरलेल्या दोनांत लोक तंबाखू थुंकतात.

कारखान्याच्या बंबाचा नंबर मात्र मी पाठ केला होता. रोज सकाळी स्तोत्रं म्हणून झाली की तोही एकदा मनात म्हणायचा, हा माझा नेमच झाला.

पहिल्या हंगामात धूर दिसला की मी लगेच फोन करायचे. तीनदा केला, तिन्ही वेळा बंब आला. आणि तिन्ही वेळा शेताचा मालक माझ्या दारात येऊन उभा राहिला. अर्धा जळालेला आणि अर्धा भिजलेला ऊस धड इकडचा ना तिकडचा. एक जण म्हणाला, "बाई, तुमी शिकवलं म्हनून आमी मानतो तुमाला, पर हे काय चाललंय तुमचं?" काकासाहेबांनीही समजावलं. मग लोक मला आधी येऊन सांगू लागले. अमक्या दिवशी धूर दिसेल, घाबरू नका. मला वाटलं, हा आपला मान आहे. आपल्याला विचारल्याशिवाय वस्तीवर कुणी काडी लावत नाही, असं मी माझ्या मुलीला फोनवर सांगितलंही होतं.

समितीनं एकच ठराव केला होता, तोही माझ्या हट्टानं. तोडणी मजुरांच्या कोप्या उसापासून शंभर फूट लांब असाव्यात. ठराव वहीत राहिला. टोळीचा मुकादम म्हणाला, पाणी चारीला आहे, तर माणसं काय माळावर राहतील?

*

आक्काबाई पाथर्डीकडच्या. मुलगा कानिफनाथ आणि सून चांगुणा ऊसतोडीला यायचे, त्यांच्याबरोबर याही आल्या. या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात भरलेल्या गाडीवरून त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. कमरेपर्यंत प्लास्टर. गावी पाठवावं तर बघायला कोणी नाही. म्हणून पहाटे चारला टोळी निघाली की कानिफनाथ आईला उचलून कोपीच्या तोंडाशी बसवायचा, शेजारी पाण्याची कळशी ठेवायचा आणि लेकरांना घेऊन सगळे उसाच्या फडात जायचे. मग अंधार पडेपर्यंत अकरा कोप्यांवर राखण या एकट्या बाईची.

माझं व्रत होतं, वर्षभर रोज एका भुकेल्याला जेवायला घालून मगच आपण जेवायचं. मार्गशीर्षात सुरू केलं होतं. रोज दहाच्या सुमाराला डबा घेऊन मी कोप्यांवर जायचे. सहाशे पावलं असतील.

त्या दिवशी एकादशी. माझ्यासाठी वरी ठेवली होती, त्यांच्यासाठी भाकरी आणि पिठलं.

"बाई, उपास तुमचा आन् जेवन माझं," आक्काबाई म्हणाल्या. "मग पुन्य कुनाला लागायचं?"

"दोघींना अर्धं अर्धं."

"मला नगं अर्धं. मला माझा पाय द्या, पुन्य सगळं तुमी घ्या." त्यांना हसू आलं की पुढचे दोन दात दिसायचे, मागं काही नव्हतंच. भाकरी पिठल्यात कुस्करून घेताना म्हणाल्या, "चांगुनाला सांगा जरा. ती म्हनती, म्हातारी नुसती बसून खाती. आवं, मी बसून न्हाई तर काय उडून खाऊ?"

"असं नाही म्हणत ती. रात्री तुमचे पाय चेपते, मी पाहिलंय."

"चेपती की. चेपताना बोलती." पण त्यांचा चेहरा मवाळ झाला होता. "गुनाची हाय. कुनाला सांगू नगा मी म्हनलं म्हनून."

निघताना मी कोप्यांकडे पाहिलं. बांबूच्या कांबी, वर पाचट आणि एक फाटका प्लास्टिकचा कागद. मागच्या बाजूला चार हातांवर बजरंगरावांचा ऊस उभा होता. बजरंगराव पुण्याला असतात, शेत वाट्यानं दिलेलं. वाळलेली पानं खाली कोप्यांपर्यंत पसरली होती. मला गोरक्षचं बोलणं आठवलं. आज किंवा उद्या. आक्काबाईंना सांगावं का, असा विचार आला. उगाच घाबरतील, म्हणून नाही सांगितलं.

*

बारा वाजता मी पोथी घेऊन बसले. रोज एक अध्याय, मोठ्यानं. एकदा सुरू केला की पुरा होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. सासूबाईंनी घालून दिलेली ही शिस्त बेचाळीस वर्षांत मोडली नव्हती.

बाराला पंचवीस मिनिटं झाली असताना खिडकीतून धूर दिसला. घड्याळ समोरच असतं म्हणून वेळ नक्की सांगता येते. आधी पांढरा, मग पिवळट, मग काळा लोट. माझ्या खिडकीतून गोरक्षचा तुकडा आणि बजरंगरावांचा तुकडा एकाच रेषेत येतात. कुठला पुढचा, कुठला मागचा, ते धुरावरून कळत नाही. पण कळून घ्यायचा प्रश्नच आला नाही. गोरक्षनं आजच लावला वाटतं, असं मनात म्हटलं आणि पुढची ओवी वाचली.

बाहेरून पंकजाची हाक आली. काकासाहेबांची सून, शेजारच्याच घरातली. "बाई! ओ बाई! गोरक्षभाऊनं लावला बरं का! कपडे काढा वाळत घातलेले, काजळी पडंल!"

मी हात वर करून खूण केली, वाचन चाललंय म्हणून.

"बरं बरं, वाचा तुमी. मी काढते," असं म्हणत ती माझ्याच दोरीवरची लुगडी काढायला लागली. माझं सोवळ्याचं पातळ तिनं चिमटीत धरून खिडकीतून आत ठेवलं. "शिवले न्हाई बरं का, काठीनं काढलं," म्हणाली आणि हसली.

पाचट जळताना उसाची कांडी फुटतात, फटाक्यांची माळ लागावी तशी. तो आवाज येऊ लागला होता. अध्यायाच्या शेवटच्या वीस ओव्या राहिल्या होत्या. मधे कुठेतरी मला माणसाचा आवाज आल्यासारखं वाटलं. मी वाचण्याचा सूर थोडा वाढवला, लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

हे मी लिहिते आहे ते कुणी क्षमा करावी म्हणून नाही. घडलं ते असं घडलं.

अध्याय पुरा केला. पोथीला नमस्कार केला, रुमालात बांधली. अंगणात आले तर तुळशीवर काळ्या काजळीचे लांबट तुकडे पडत होते. ते मी बोटानं उचलत होते, तेवढ्यात गोरक्षची मोटारसायकल आली. राहुरीच्या बाजूनं. तो उतरला नाही, गाडीवरूनच ओरडला.

"बाई! कोनी लावला?"

मला काही उमजेना. "म्हणजे? तूच ना..."

"मी आत्ता येतोय! सकाळपासनं हापिसात बसलो हुतो! काडीची पेटी माझ्या खिशात हाय अजून!"

मी धुराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

फोन मी लावला. नंबर पाठ होता, एकदाच लावला.

"हां, बोला."

"मी वस्तीवरून बोलतेय, आपत्ती समितीची. ऊस पेटलाय, तिथं..."

"कळलंय बाई आमाला. गोरक्षभाऊंचा ना? शेतावरचा आमचा मानूस सकाळीच बोलला. संध्याकाळी येतोय त्यो नोंद घ्यायला."

"नाही हो. तो नाही. हा दुसरा आहे, इथं कोप्या आहेत..."

"जरा मोठ्यानं बोला. आवाज येत न्हाई."

मी आयुष्यात आवाज चढवला नाही. वर्गात मुलं गप्प बसायची, ती माझं बोलणं ऐकू यावं म्हणून. लोक कौतुक करायचे. त्या वेळी मी घशातून सगळा जोर काढला आणि पलीकडचा माणूस पुन्हा म्हणाला, "हॅलो? हॅलो?"

गोरक्षनं फोन हिसकावून घेतला. "आरं, मी गोरक्षच बोलतोय! माझा ऊस उभा हाय! दुसऱ्याचा पेटलाय आन् कोप्यात म्हातारी हाय पाय मोडलेली! बंब सोड, बंब!"

एक वाजून सात मिनिटं झाली होती.

*

गोरक्ष गाडीवर पुढं गेला. मी गोधडी हौदात बुडवली, खांद्यावर टाकली आणि धावले. ओली गोधडी किती जड होते हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. सहाशे पावलांच्या वाटेत मी दोनदा खाली बसले. पंकजा मागून घागर घेऊन येत होती. घराघरांतून माणसं आता बाहेर पडत होती. जी इतका वेळ पडवीत बसून धूर बघत होती तीच माणसं. "गोरक्षचा न्हाई म्हनं," "मंग कुनाचा?" असं एकमेकांना विचारत होती.

पाणी नव्हतं. विहिरीत होतं, पण त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती, मोटार कशावर चालणार? चारीचं पाण्याचं आवर्तन आठ दिवसांपूर्वी संपलेलं. तळाशी चिखल होता. माणसांनी चिखल फेकला. लिंबाचे डहाळे तोडून आगीवर मारले. काकासाहेब धोतर खोचून उभे होते आणि "बादल्या आना, वाळूच्या बादल्या आना" म्हणून ओरडत होते. त्या बादल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दीड किलोमीटरवर.

अकरातल्या सात कोप्या तोवर जळून बसल्या होत्या. आठवीला जाळ लागत होता. आक्काबाईंची तिसरी होती.

त्या आत नव्हत्या. प्लास्टरचा पाय ओढत त्या कोपीच्या पुढं वीस-पंचवीस हात सरपटत गेल्या होत्या. चारीकडे. मातीत तो ओढल्याचा पट्टा दिसत होता. चारीच्या काठाशी पाण्याचं निळं पिंप होतं, ते वितळून वाकडं झालं होतं, आणि त्याच्या अलीकडे त्या पडल्या होत्या. वाऱ्यानं जाळ जमिनीवरच्या पाचटावरून त्यांच्यापर्यंत आला होता. गोरक्षनं त्यांना हातांनी उचलून आणलं. त्याच्या तळहातांची कातडी गेली. मी गोधडी अंथरली, आम्ही त्यांना तिच्यात घेतलं. कसं घ्यायचं ते मला येत होतं.

शुद्धीवर होत्या. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं.

"लई हाका मारल्या बाई," म्हणाल्या. "लई मारल्या."

त्यात राग नव्हता. नुसतं सांगत होत्या, जसं भाकरी गार झाली म्हणून सांगावं.

बंब एक पस्तीसला आला. त्या माणसांनी चांगलं काम केलं, हे खरं सांगितलं पाहिजे. पुढच्या वीस मिनिटांत आग आटोक्यात आली. गोरक्षच्या उसाला धगही लागली नाही. मधली वाट होती ना.

टेम्पोनं आक्काबाईंना नगरला नेलं. मी बरोबर गेले. चांगुणा आणि कानिफनाथ फडातून परस्पर दवाखान्यात आले, काळ्या चेहऱ्यांनी, पायात चिखल तसाच. डॉक्टर म्हणाले साठ टक्के, आणि वय. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मधल्या दोन दिवसांत मी रोजचा नेम केला, अध्याय वाचला, देवाला सांगितलं की माझं घे आणि यांना ठेव. देवानं ऐकलं नाही, किंवा त्यालाही माझा आवाज पोचला नसेल. असं लिहिणं बरं नव्हे. पण त्या दिवसांत मला तसंच वाटत होतं.

*

पंचनाम्याला तलाठी आले, त्यांच्याबरोबर एक कारकून. काकासाहेबांच्या ओट्यावर सतरंजी घातली होती. कारण विचारलं तर कुणी म्हणालं तारा घासल्या, कुणी म्हणालं बांधावर कुणी बिडी टाकली. कारकुनानं तारा लिहिल्या.

"खबर केव्हा मिळाली?"

"एक वाजून सात मिनिटांनी कळवलं," मी म्हणाले. "पण धूर मी बारा पंचवीसला पाहिला होता."

काकासाहेबांनी घसा खाकरला. "बाई, त्या वेळंला आपल्याला काय ठाऊक..."

"बेचाळीस मिनिटं," मी म्हणाले. "लिहा ते."

कारकून भला माणूस होता, माझ्या मुलीच्या वयाचा. त्यानं कागद माझ्याकडे वळवून दाखवला. "मॅडम, यात बघा. खबर दिल्याची वेळ, बंब पोचल्याची वेळ. आग कुणी केव्हा पाहिली, असा रकानाच नाही. कुठं लिहू?"

"शेऱ्यात लिहा."

"मग कुणी सांगून ठेवलं होतं, कुणाला, हे सगळंच लिहावं लागेल." त्यानं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्ष खांबाशी बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. तो कुणाकडेच बघत नव्हता. त्यानं काही लावलंच नव्हतं. त्यानं फक्त सांगितलं होतं. आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

"लिहा," मी पुन्हा म्हणाले.

काकासाहेब म्हणाले, "मग चौदाच्या चौदा घरांची नावं लिहावी लागतील, बाई. सुरुवात माझ्यापासनं करा. मी खाटंवर बसून बघत हुतो. दुसरा चहा मागवला मी तवा."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. तलाठी उठले, म्हणाले, बघू, वर विचारून घेऊ. शेऱ्याची जागा कोरी राहिली. सगळ्यांच्या सह्या झाल्या. समितीच्या पुढं "तात्काळ खबर दिली" असं आधीच छापलेलं होतं, त्याच्याखाली माझी सही आहे.

*

जळालेला ऊस थांबत नाही. आक्काबाई दवाखान्यात होत्या तेव्हाच बजरंगरावांच्या तुकड्याला तोड लागली, आणि जवळची टोळी म्हणून याच टोळीला लावलं. आपल्याच कोप्यांच्या राखेशेजारी ती माणसं ऊस तोडत होती. नवीन कोप्या चारीच्या वरच्या अंगाला उभ्या राहिल्या, पुन्हा उसालाच लागून, कारण पाणी सुटलं की तिथंच यायचं. टोळी इथं आलीच आहे म्हणून कारखान्यानं गोरक्षचा तुकडाही त्याच तोडणी प्रोग्राममध्ये धरला. पट्ट्या बांधलेले हात घेऊन तो मला सांगायला आला. "लागली तोड," एवढंच म्हणाला आणि माझ्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याला पाणी दिलं. त्याला पेला धरता येईना, मी तोंडाला लावला.

कानिफनाथ आईच्या अस्थी घेऊन गावी गेला. चांगुणाला जाता आलं नाही. दोघं गेली तर टोळीतलं एक जोडपं कमी होतं, मुकादम ऐकत नव्हता.

आगीनंतर पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. जळका ऊस तोडणाऱ्या माणसाचं फक्त डोळ्यांचं पांढरं दिसतं, बाकी सगळं काजळीनं एकसारखं. आत ये म्हटलं तर आली नाही, अंगणातच बसली. मी पाणी दिलं, ते प्यायली. तांब्यावर बोटं उमटली, तर पदरानं पुसायला लागली, आणि जास्तच काळं झालं.

"राहू दे गं," मी म्हणाले.

"बाई," ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगा."

"विचार."

"त्या दिवशी धूर दिसला व्हता का तुमाला? म्हंजे, गोरक्षभाऊ यायच्या आदी?"

पाच दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होते. रात्री उत्तरं जुळवली होती. पोथीचं सांगायचं, सांगून ठेवलेलं सांगायचं, त्यांच्या शेवटच्या शब्दांबद्दल सांगायचं की नाही ते ठरवायचं.

"दिसला होता, चांगुणा."

"किती वाजता?"

"बारा पंचवीस."

तिनं मान हलवली. ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. मला ते हवं होतं. ती तांब्याकडे बघत राहिली.

"आमाला त्याच्या आदी दिसला," ती म्हणाली. "फडातनं. बारा वाजले व्हते, भाकरी सोडाया बसलो व्हतो. मी म्हनलं, ह्यो तर कोप्यांच्या अंगाला हाय. मुकादम म्हनला, गप बस, त्यो मालकाचा हाय, सांगून ठेवलेला. मोळ्या बांध. मग मी मोळ्या बांधल्या बाई. तासभर बांधल्या."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मधनंमधनं बघत व्हते. बघायची आन् परत बांधायची." तिचा आवाज कुठंच हलत नव्हता. "ह्यांची पाठ व्हती तिकडं. गाडी भरत व्हते ह्ये. ह्यांला वाटतंय, मला बी न्हाई दिसला. दवाखान्यात म्हनले, चांगुने, आपल्याला नुसता दिसला असता तरी पळत आलो असतो. मी व्हय म्हनलं."

वाटेवर ट्रॅक्टर येऊन थांबला होता, मागं दोन रिकाम्या गाड्या.

"मपली सासू लई भांडायची माझ्यासंगं," ती म्हणाली. "लई." मग ट्रॅक्टरकडे बघत, "परवा ह्ये परत येतील. सांगू का मी ह्यांला, बाई?"

पन्नास वर्षं मुलं मला विचारत आली आणि मी सांगत आले. मी तिचा काळा हात हातात घेतला.

ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. ती थोडा वेळ थांबली, माझ्या तोंडाकडे बघत. दुसरा हॉर्न झाला तसा तिनं हात सोडवून घेतला, भुईला टेकवून ठेवलेला कोयता उचलला आणि गेली.